बटकीची वाक्यं

७ जानेवारी

आज कामाच्या पहिल्याच दिवशी मला ‘कैदाशीण’ म्हणून हाक मारली गेली. घरी येऊन जुन्या कोशात शब्द पाहिला. कजाग, दुष्ट बाई. अर्थ मला साधारण ठाऊक होता, पण साधारण ठाऊक असणं वेगळं आणि नक्की ठाऊक असणं वेगळं. पगार मला नक्की ठाऊक असण्याचा मिळणार आहे.

हाक मारणारे गृहस्थ म्हातारे नट आहेत. आयुष्यभर त्यांनी एका जुन्या प्रहसनात यजमानाचं काम केलं, त्यामुळे घरातले, शेजारी, दूधवाला, सगळे त्यांना ‘यजमान’च म्हणतात. गेल्या वर्षी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. नाटक तेवढं राहिलं. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं. स्वतःचं वाक्य जुळवायचं तर मेंदूला कष्ट पडतात. हजारदा घोकलेलं आपोआप बाहेर येतं. त्यांचं पहिलं बुडालंय, दुसरं तरंगतंय.

“नाटकातले शब्द वापरून ते काही मागत असतील तर ओळखा,” त्या म्हणाल्या. “आणि नाटकात नसलेला, त्यांचा स्वतःचा एक शब्द जरी आला तरी मला लगेच कळवा. त्या एका शब्दासाठी तुम्हाला ठेवलंय.”

त्यांचा मुलगा चांगला माणूस वाटला. मला दादा म्हण, असं त्यांनीच सांगितलं. म्हणाले, “बाबांना मनातलं सांगता आलं तर ते म्हणतील तिथे राहतील. इथेच म्हणाले तर इथेच. नाही सांगता आलं, तर मग आम्हालाच ठरवावं लागेल.” काय ठरवायचं ते वहिनींनी सांगितलं: घर विकायचं आणि यजमानांना गावाबाहेर वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं. वहिनी स्पष्ट बोलतात. घर यजमानांच्या नावावर आहे म्हणून अडलंय, हेही त्यांनीच सांगितलं.

म्हणजे सगळं माझ्यावर आहे. मी शिकवलं तर ते आपल्या घरात राहतील. उद्या लवकर जायचं.

बाबा इस्त्री फिरवता फिरवता म्हणाले, “एवढं शिकलीस आणि शिव्या खायला चाललीस? त्या इथे फुकट मिळाल्या असत्या.”

आई म्हणाली, “तिला पैसे देतायत ना? आपण जन्मभर बिनपगारी खाल्ल्या.”

९ जानेवारी

नाटकाची छापील प्रत घरात एकच आहे, मुखपृष्ठ गेलेली. ती घरी न्यायची नाही असं वहिनींनी बजावलं, म्हणून यजमान झोपलेले असताना तिथेच बसून वाचली.

गोष्ट साधी आहे. एक तालेवार यजमान, मानी आणि रुसका. मनासारखं झालं नाही की रुसतो, पुतण्याला सगळं देऊन टाकतो आणि घर सोडून निघतो. घरात एक बटीक आहे, म्हणजे विकत घेतलेली दासी. ती सगळ्यांना पुरून उरते. तो शिव्या देतो, ती उलट बोलते, एवढ्यावर तीन अंक निघतात. त्याचं प्रत्येक वाक्य तिच्या वाक्याला गाठ मारून ठेवल्यासारखं आहे. तिनं तोंड उघडल्याशिवाय त्याला बोलताच येत नाही.

मला एकदाही हसू आलं नाही. शब्द अडला की मी थांबते, आणि मी थांबले की विनोद पुढे निघून जातो. मंचक म्हणजे पलंग. गवाक्ष म्हणजे खिडकी. अडसर, दाराला आतून घालायचा दांडका. जहांबाज, कुणाला न जुमानणारी. टवळी, सटवी, अवदसा मला कोशाशिवाय कळले. आमच्या गल्लीत ते अजून चालू आहेत.

१२ जानेवारी

आज मोठी गोष्ट झाली!

यजमान रोज सकाळी “तस्त! तस्त!” असं ओरडतात. घरातल्यांना वाटायचं, नाटक चाललंय. दुसऱ्या अंकात यजमान जेवण झाल्यावर ऐटीत तस्त मागतो. मी कोश काढला. तस्त म्हणजे हात धुवायला, चूळ टाकायला पुढे धरायचं पसरट भांडं. तेवढ्यात यजमानांनी पुन्हा आरोळी ठोकली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. पलंगाखालचं लघवीचं भांडं काढून पुढे केलं.

त्यांनी ते वापरलं. मग माझ्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यातून पाणी आलं; उजवा तसाच कोरडा.

झटका आल्यापासून त्यांना रबरी चादरीवर झोपवतात. पाहुण्यांसमोर वहिनी म्हणतात, “यांना आता लाजच उरली नाही हो.” मी धावत जाऊन वहिनींना सांगितलं. दारापर्यंत येऊन त्यांनी भांडं पाहिलं. मग म्हणाल्या, “इतके दिवस मागत होते? मग नीट मागायचं ना.”

चादर काढू का विचारलं. “राहू दे. एका दिवसानं काय होतंय,” म्हणाल्या. बरोबर आहे. मीच घाई करते.

१७ जानेवारी

पद्धत ठरवली आहे. ती इथे लिहून ठेवते, म्हणजे चुकले तर कुठे चुकले ते कळेल.

लहानपणी मला वाचता आलं नाही की शाळेतल्या बाई डबा उघडू द्यायच्या नाहीत. आईबाबांना अक्षर येत नव्हतं, घरी विचारायची सोय नव्हती. मी उपाशी बसले, आणि शिकले. पद्धत चालते, हे मी स्वतःवरून सांगू शकते.

तर पाण्याचा पेला समोर धरायचा आणि विचारायचं, “यजमान, काय हवं?” नाटकात पाणी हवं असलं की ‘झारी’ मागतात, म्हणजे तोटीचं भांडं. ‘झारी’ आलं की पाणी. नाही आलं तर नाही. पहिल्या दिवशी नुसता “झा” आला. अर्ध्या शब्दाला पाणी द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, म्हणून दिलं नाही. त्यांनी डाव्या हातानं पेला ओढायचा प्रयत्न केला. मी पेला मागे घेतला. ओठ पांढरे पडले होते. दुपारी “झारी” पूर्ण आलं. त्यांनी पेला एका दमात संपवला. थोडं सांडलं ते मी पुसलं.

आज दुसऱ्याच हाकेला आलं.

स्वयंपाकाच्या मावशी दारातून बघत होत्या. “काय गं, बोलायला शिकवतेस का शेपूट हलवायला?”

“मावशी, ही पद्धत आहे.”

“असेल बाई. आमच्या सासूचीपण होती.”

मावशी शिकलेल्या नाहीत. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. ‘झारी’ नाटकातला शब्द आहे. डॉक्टरीणबाईंना कळवण्यासारखा नाही.

२१ जानेवारी

आता मी बटकीची सगळी वाक्यं पाठ केली आहेत. मी तिचं वाक्य म्हणते आणि यजमान पुढचं उचलतात. दादा याला ‘क्यू देणं’ म्हणतात. दिवसभर हेच चालतं. मला ते टवळी म्हणतात, मी त्यांना म्हणते, “टवळी तर टवळी, पण टवळीवांचून तुमचें पागोटेंही जागेवर बसत नाहीं!” त्यावर ते खदखदून हसतात. हसताना चेहऱ्याची पडलेली बाजूसुद्धा हलते.

एक गोष्ट लिहायलाच हवी. आज मी खिडकीकडे पाठ करून बोलत होते. ते बोलेनात. डाव्या हातानं मला खुणावत राहिले, सरक, सरक. मी सरकत सरकत उन्हाच्या पट्ट्यात आले तेव्हा त्यांनी हात खाली घेतला आणि मान डोलावली. माझा चेहरा उजेडात यावा म्हणून! नवशिक्या नटीला सांगावं तसं सांगत होते. मला आयुष्यात आजवर कुणी ‘पुढे ये, दिसू दे’ असं म्हटलेलं नाही. ‘मागे हो’ पुष्कळांनी म्हटलंय.

आज त्यांनी न मागता मी पाणी दिलं. नियम मोडला. उद्यापासून नाही मोडणार.

२७ जानेवारी

काल संध्याकाळी दादांचे मित्र आले होते. दादा म्हणाले, “बाबांची प्रगती दाखव सगळ्यांना.” यजमानांना खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत आणलं. मी बटकीचं वाक्य म्हटलं आणि यजमान सुरू झाले. काय आवाज! अख्खी खोली भरून गेली. मित्र पोट धरून हसले. यजमानांना हशा ऐकून इतका आनंद झाला की ते टाळीसाठी थांबायचे, टाळी ओसरली की पुढचं वाक्य. दादा फोनवर चित्रण करत होते.

मग एक मित्र म्हणाला, “यजमान, आज वार कोणता?” यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे या प्रश्नाचं वाक्य नव्हतं. दुसऱ्यानं विचारलं, “यजमान, सूनबाईंचं नाव काय?” तेव्हा ते घाबरून “तस्त! तस्त!” ओरडले, आणि पुन्हा हशा झाला. त्यांना खरंच हवं होतं. मी भांडं आणायला उठले तर दादा म्हणाले, “बस गं, अजून एक प्रवेश होऊ दे.” तोपर्यंत उशीर झाला. खुर्चीखाली ओघळ आला, तेव्हा पाहुणे उठून सज्जात गेले.

वहिनी मला म्हणाल्या, “बटकीचं काम किती शोभतं गं तुला! शिकवावंसुद्धा लागलं नाही.”

कौतुकच होतं बहुधा. घरी आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती, थापायची थांबली. “काय म्हणाली ती?” मी पुन्हा सांगितलं. भाकरी करपली.

४ फेब्रुवारी

दादांनी आज मला बसवून घेतलं. म्हणाले, “तू नाटक पाठ केलंयस. यजमान घर देऊन टाकतो ती जागा कुठे आहे?”

मी लगेच सांगितली. तिसऱ्या अंकाचा शेवट. बटीक विचारते, “यजमान, मग या वास्तूचें करावें काय?” आणि यजमान म्हणतो, “दिधली! सर्वस्वी दिधली! आमचें आतां येथें तृणमात्र नाहीं!” ‘दिधली’ म्हणजे दिली, हेही सांगितलं. दादा म्हणाले, “ते कळतं गं.”

पुढच्या आठवड्यात वकील येणार आहेत. दादा म्हणाले, “बाबांची इच्छा मला माहीत आहे. झटक्याच्या आधीच बोलणं झालं होतं. फक्त आता ते तोंडातून यायला हवं आणि वकिलांनी ऐकायला हवं. वकिलांच्या प्रश्नानं बाबा गोंधळतील. तू तुझ्या पद्धतीनं विचार.”

मी विचारलं, “पण दादा, ते नाटकातलं वाक्य होईल. त्यांचं स्वतःचं नाही.”

“‘तस्त’ नाटकातलंच होतं ना? पण त्यांना भांडं खरंच हवं होतं. तूच शोधून काढलंस ते.”

माझंच म्हणणं आहे ते. तरी मनात काहीतरी टोचत राहिलं. मी विचारलं, “म्हणजे ते इथेच राहतील ना?” दादा म्हणाले, “बाबांच्या इच्छेप्रमाणेच सगळं होईल.”

घरी येताना ठरवलं की शंका काढत बसायचं नाही. झटक्याआधी त्यांचं काय बोलणं झालं ते मला कसं ठाऊक असणार? शिकलेल्या माणसांच्या घरात अशी बोलणी आधीच होत असतील. आमच्या घरात द्यायला काही नव्हतं, म्हणून बोलणंही नव्हतं.

९ फेब्रुवारी

झालं. मी साक्षीदार म्हणून सही केली. आमच्या घरातली ही पहिली सही, बाकी सगळे अंगठे.

यजमानांना दाढी करून बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. सदऱ्याला इस्त्री माझ्या बाबांनी केली होती, पैसे न घेता. वकील हसतमुख होते. लहानपणी त्यांनी हे नाटक पाहिलं होतं म्हणे. “यजमान, ओळखलंत का?” असं मोठ्यानं विचारलं, जणू ते बहिरे आहेत.

मी नेहमीसारखी उजेडात उभी राहिले. पेला सवयीनं हातात होता. वाक्य म्हटलं: “यजमान, मग या वास्तूचें करावें काय?”

ते माझ्याकडे बघतायत. मग कागदांकडे. मग दादांकडे. तोंड वाकडं झालं, मान ताणली, जड काही उचलावं तसं, आणि म्हणाले, “माझं.” थोड्या वेळानं पुन्हा, “माझं. घर.”

वकिलांनी दादांकडे पाहिलं. दादांनी माझ्याकडे.

मी घाबरले. इतके दिवस घोकलेलं वाक्य नेमकं आज विसरले, असं वाटलं. शिवाय नाटकातला यजमान ‘माझं’ कधीच म्हणत नाही. तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो. मी म्हटलं, “‘माझं’ नाही, यजमान. ‘आमचें’. आणि ते शेवटी येतं. आधी ‘दिधली’.” पुन्हा वाक्य म्हटलं. ते माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत होते. तिसऱ्यांदा म्हटलं.

“दिधली,” ते म्हणाले. “सर्वस्वी दिधली. आमचें आतां येथें तृणमात्र नाहीं.”

नेहमीसारखा आवाज चढवला नाही, पण अक्षर अन् अक्षर स्वच्छ आलं. मी पाणी दिलं.

वकील म्हणाले, “वा! तोच थाट.” डाव्या हाताचा अंगठा घेतला. मग मी सही केली.

खरं तर प्रवेश तिथे संपत नाही. यजमान रागानं दाराबाहेर जातो आणि मग बटीक हाक मारते, “यजमान, किल्ल्या राहिल्या!” त्या हाकेवर तो परत येतो, “किल्ल्यांवांचून आम्ही जातों कसे?” म्हणतो आणि दिलेलं सगळं परत घेतो. नाटकातला सगळ्यात मोठा हशा तिथेच आहे. मी ती हाक द्यायला तोंड उघडलंही होतं. दादांनी हात वर केला. “पुरे.”

यजमान खुर्चीच्या दांडीवर हात टेकून अर्धे उठले होते. कागद पिशवीत गेले, वकिलांनी चपला घातल्या, तरी ते तसेच. शेवटी मी खांदा दाबून त्यांना बसवलं.

आईला सहीचं सांगितलं. ती म्हणाली, “कशावर केलीस?” मी सांगितलं. बाबा म्हणाले, “मोठ्यांच्या कागदावर आपलं नाव लागलं!” आईनं पुन्हा विचारलं, “अगं पण कशावर?”

१० फेब्रुवारी

‘माझं’ नाटकात नाही. आज सगळी प्रत पुन्हा पाहिली, पहिल्या पानापासून. ‘आमचा’, ‘आमची’, ‘आमचें’ जागोजाग आहे. ‘माझं’ कुठेच नाही. बटकीच्या तोंडीसुद्धा नाही. तिचं काही नसतंच.

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंना फोन केला. नाटकात नसलेला शब्द आला, असं सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला! “कोणता? कधी? कशावर बोलले?”

मी सगळं सांगितलं, क्रमानं, काही न गाळता.

त्या म्हणाल्या, “मग तुम्ही काय केलंत?”

“दुरुस्त केलं.”

मला वाटलं, फोन कट झाला. मी दोनदा हॅलो म्हटलं.

“मी तुम्हाला त्या एका शब्दासाठी ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “तो माणूस वर्षभरानं तोंड उघडून स्वतःचं वाक्य बोलला, आणि तुम्ही ते चूक म्हणून खोडलंत.”

मी म्हटलं, “तुम्ही वकिलांना सांगाल का? तुमचं ऐकतील.”

त्या म्हणाल्या, “हे बघा, मी त्या खोलीत नव्हते. घरगुती भानगडीत मला ओढू नका. माझी फी त्यांच्याकडून येते.” मग जरा मऊ आवाजात, “आता तो शब्द पुन्हा येईल असं धरून चालू नका. इतका जोर लावून बोललेलं चूक ठरलं की माणूस पुन्हा जोर लावत नाही.”

मी दिवसभर यजमानांना विचारत राहिले. घर कुणाचं? यजमान, हे घर कुणाचं? पेला धरला, पेला बाजूला ठेवला, गुडघ्यावर बसून विचारलं. ते मला खूश करायला नाटकातली सगळी वाक्यं एकामागून एक म्हणत राहिले. थकले तरी थांबेनात.

१२ फेब्रुवारी

दादांना सांगितलं.

“दादा, ते ‘माझं घर’ म्हणाले होते. ते नाटकातलं नव्हतं. त्यांना इथेच राहायचंय.”

दादा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “मलाही ऐकू आलं होतं.”

“तुम्हालाही?”

“मी ऐकलं, वकिलांनी ऐकलं. पण आम्हाला वाटलं, तुला जास्त कळतं. तू चूक म्हणालीस.” त्यांनी चष्मा पुसला. “आता बाहेर जाऊन सांगणार असलीस तर सांग. पण खाली सही तुझी आहे. मग सही खोटी होती, असं होईल. तुझ्या बाबांना कोर्टाच्या पायऱ्या चढवतील का? इस्त्रीचं टेबल कोण बघेल तेवढे दिवस?”

वहिनी आतून म्हणाल्या, “हिला काय झालं आता? पगार वाढवून हवाय का?”

“नाही गं, भाबडी आहे,” दादा म्हणाले.

आईला रडत सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, चल, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगू. आई बराच वेळ माझे केस विंचरत बसली. मग म्हणाली, “मी अंगठा द्यायचे ना, तेव्हा लोक मला फसवायचे. म्हटलं, तू शिकलीस तर तुला कुणी फसवणार नाही.” केस ओढले जात होते, मी तसेच ओढू दिले.

मी गेले नाही. कुठेच गेले नाही. कारणं लिहिली तर ती खरी वाटतील, म्हणून लिहीत नाही.

२० फेब्रुवारी

आज यजमानांना नेलं.

संस्थेची गाडी आली, दोन धट्टेकट्टे सेवक उतरले. यजमानांनी मंचकाची दांडी धरली आणि सोडेनात. मी पलंगाला आता मनातसुद्धा मंचक म्हणते. ते “अडसर! अडसर!” ओरडत होते, दार लावा म्हणून. मला कळलं. इतरांना नाटक वाटलं. एक सेवक म्हणाला, “कुणाला शिव्या देतो रे हा? तिकडे आला की विसरेल सगळं.” दुसऱ्यानं पट्टा काढला. हात बांधून उचलणार होते.

दादा मला बाजूला घेऊन म्हणाले, “बघवतं का तुला हे? निघण्याचा प्रवेश आहे ना त्या नाटकात. तू म्हण. चालत जातील.”

मावशी ओट्यापाशी होत्या. “नको गं पोरी,” एवढंच म्हणाल्या. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं तशा पुन्हा पिठाकडे वळल्या.

मी विचार केला. बांधून, गाठोड्यासारखे गेले तरी जाणारच. चालत गेले तर निदान नटासारखे जातील. हा विचार चांगला होता की सोयीचा होता, ते मला आजही सांगता येत नाही.

मी खिडकीपाशी उजेडात उभी राहिले आणि म्हटलं, “यजमान, रुसायचें तर रुसा, पण वाट ती पलीकडे आहे!”

त्यांची पकड सुटली. मान वर झाली. “चाललों!” ते गरजले. “या उंबऱ्यास पुन्हा पाय लावूं तर नांवाचे यजमान नव्हों!” माझ्या खांद्यावर डावा हात टाकून, उजवा पाय ओढत, पण छाती काढून, ते सगळी खोली ओलांडून गेले. उंबऱ्यावर थांबून त्यांनी मागे वळून सगळ्यांवरून नजर फिरवली. ही जागा टाळीची असते. सेवकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, हसत हसत. शेजारचे सज्जात आले होते, त्यांनीही वाजवल्या. यजमानांनी मान लववली.

गाडीत ते स्वतः बसले. दार लागलं. सेवक म्हणाला, “आजोबा, आरामात मागे टेका.” ते टेकले नाहीत. काचेच्या अगदी जवळ सरकले आणि कान घराच्या बाजूला केला. विंगेत उभा राहिलेला नट ऐकतो तसं ऐकत होते. चेहऱ्यावर हसू होतं, आत्ता हाक येईल अशा भरवशाचं.

पुढचं वाक्य माझं होतं, किल्ल्यांचं. तीनच शब्द. दादा माझ्या शेजारी उभे होते, वहिनी दारात.

गाडी सुरू झाली, गल्लीच्या टोकाला वळण्यासाठी थांबली. तेवढ्या अंतरावरून हाक ऐकू गेली असती. यजमान अजून कान लावून होते.

मी तोंड मिटून उभी राहिले.